सॉल्टेअर : एअर नदीकाठचं गिरणीचं गाव

धोटा

मी मूळचा इचलकरंजीचा. घरात चार यंत्रमाग होते. त्यांच्या खडखडाटात आम्ही पोरं गाढ झोपायचो, आणि रात्री लाईट गेली की माग थांबायचे आणि त्या शांततेनं जाग यायची. आता अकरा वर्षं झाली, मी उत्तर इंग्लंडात ब्रॅडफर्डजवळच्या शिपलीत राहतो. इथून चालत वीस मिनिटांवर सॉल्टेअर आहे. या गावाबद्दल मराठीत फारसं काही वाचायला मिळालं नाही, म्हणून लिहायला घेतलं.

नाव दोन तुकड्यांचं आहे. टायटस सॉल्ट हा गिरणीमालक आणि एअर ही नदी. गाव शेकडो वर्षांत हळूहळू वाढलेलं नाही. आधी कागदावर आखलं गेलं आणि मग साधारण पंचवीस वर्षांत दगडात उभं राहिलं.

सॉल्टचा जन्म १८०३ चा, बाप लोकरीचा व्यापारी. त्या काळात ब्रॅडफर्ड म्हणजे वर्स्टेड कापडाची, म्हणजे लांब तंतूंच्या लोकरीपासून विणलेल्या गुळगुळीत कापडाची, राजधानी. १८०१ मध्ये जेमतेम १३,००० वस्तीचं गाव १८५१ पर्यंत एक लाखाच्या वर गेलं. गटारं नाहीत, प्यायला धड पाणी नाही, एकेका तळघरात दोन-दोन कुटुंबं, गिरण्यांची घाण सरळ कालव्यात. सॉल्ट १८४८ मध्ये शहराचा महापौर झाला आणि पुढच्याच वर्षी कॉलऱ्यानं शहरात माणसं पटापट मेली. चिमण्यांचा धूर कमी करणारी भट्टी त्यानं स्वतःच्या गिरण्यांत बसवली, बाकीच्या मालकांना पटवायला गेला, तर कुणी बधलं नाही. शेवटी त्यानं शहरातल्या आपल्या पाचही गिरण्या एका जागी आणायचं ठरवलं, शहराबाहेर.

जागा त्यानं अचूक हेरली. एका बाजूला नदी, शेजारून लीड्स-लिव्हरपूल कालवा, आणि त्याला लागून रेल्वे. कोळसा आणि लोकर आत येणार, कापड बाहेर जाणार, सगळं दारातून. लॉकवुड आणि मॉसन हे वास्तुरचनाकार, आणि यंत्रांची जबाबदारी विल्यम फेअरबेर्न या नामांकित अभियंत्याकडे. २० सप्टेंबर १८५३ रोजी, सॉल्टच्या पन्नासाव्या वाढदिवशी, गिरणी सुरू झाली. दक्षिणेकडची दर्शनी बाजू ५४५ फूट लांब, लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलइतकी. १,२०० माग आणि तीन हजारांवर कामगार. दिवसाला ३०,००० यार्ड कापड निघायचं असं तेव्हाच्या वर्णनांत आहे, म्हणजे सत्तावीस किलोमीटरच्या वर. मागवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हा आकडा वाचून जरा वेळ थांबावं लागतं.

माझं लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीवर गेलं. विणाईचं खातं वरच्या मजल्यांवर नव्हतंच. ते जमिनीलगत, एकमजली, छतातून उजेड घेणारं. माग हादरे देतात, एक भिंत हलवतो तर हजार माग काय करतील! शिवाय यंत्रं फिरवणारे बरेचसे दांडे जमिनीखालून नेले होते, आवाज कमी व्हावा म्हणून. आमच्या घरात माझे वडील पन्नाशीतच कमी ऐकायला लागले. १८५३ मध्ये कुणीतरी कामगाराच्या कानांचा विचार केला होता, हे मला पहिल्यांदा इथं कळलं.

गिरणी आधी झाली, घरं मागाहून. सुरुवातीला कामगार ब्रॅडफर्डहून रेल्वेनं यायचे. मग रांगांमागून रांगा उठल्या आणि १८६८ पर्यंत आठशेहून अधिक घरं झाली. सगळी पिवळसर वालुकाश्माची, आता काळपट पडलेली. प्रत्येक घराला पाणी, गॅसचा दिवा, मागं फरसबंद अंगण आणि स्वतःचा संडास. हा शेवटचा शब्द वाचताना सहज पुढं जाऊ नका. त्याच वेळी काही मैलांवर ब्रॅडफर्डात अख्खी गल्ली एका संडासावर दिवस काढत होती.

रस्त्यांची नावं सॉल्टनं आपल्या घरच्यांची ठेवली. बायको कॅरोलाइन, मुलं जॉर्ज, अमेलिया, एडवर्ड, फॅनी, हर्बर्ट, मेरी, हेलन, एडा. अकरा मुलांचा बाप, रस्त्यांना नावं कमी पडली नाहीत. वास्तुरचनाकारांनाही एकेक रस्ता मिळाला. मोठा रस्ता राणीच्या नावाचा, व्हिक्टोरिया रोड. तो उतरत उतरत गिरणीपाशी, कालव्यापाशी आणि नदीपाशी जातो.

त्या उतारावरून चाललं की गाव आपोआप उलगडतं. वर डाव्या-उजव्या हाताला १८६८ चं रुग्णालय आणि ४५ वृद्धाश्रम-घरं. चाळीमधल्या खोल्यांसारखी नाहीत हो, छोटे बंगलेच, समोर हिरवळ. म्हाताऱ्या कामगारांना तिथं भाडं नसायचं, उलट एकट्याला आठवड्याला साडेसात शिलिंग आणि जोडप्याला दहा शिलिंग मिळायचे. इंग्लंडच्या सरकारनं म्हातारपणाची पेन्शन १९०८ च्या कायद्यानं आणली, तीही सत्तरीनंतर पाच शिलिंग. पुढं समोरासमोर शाळा आणि इन्स्टिट्यूट. इन्स्टिट्यूटमध्ये वाचनालय, व्यायामशाळा, व्याख्यानाचं दालन. दोन्ही इमारतींपुढं मिळून चार दगडी सिंह बसलेत. दक्षता, निश्चय, युद्ध आणि शांतता अशी त्यांची नावं. ते मुळात लंडनच्या ट्रफाल्गर चौकासाठी घडवायचे होते, असं गावात सांगतात.

सगळ्यात खाली गिरणी, तिच्यासमोर गोल मनोऱ्याचं १८५९ चं चर्च. चर्चला लागून सॉल्टची समाधी. १८७६ च्या डिसेंबरमध्ये तो गेला तेव्हा अंत्ययात्रेच्या वाटेवर लाखभर माणसं उभी होती असं म्हणतात.

आज गिरणीत एकही माग नाही. तरी गाव मेलेलं नाही, आणि तेच मला सांगायचं आहे. बाकीचं प्रतिसादांत लिहितो, बोटं दुखली.

रानजाई

किती छान लिहिलंय. संडासाचं वाक्य दोनदा वाचलं.

नुसता_वाचक

वाचतोय. लवकर लिहा पुढचं.

चकवाचांदणं

गिरणी लोकरीची म्हणता, मग अल्पाकाचा काय संबंध? आमच्या लेकीनं तिथून आणलेल्या पिशवीवर अल्पाका होता.

धोटा

चकवाचांदणं ताई, अल्पाकावरच तर सगळं उभं राहिलं.

१८३६ च्या सुमारास लिव्हरपूलच्या गोदामात पेरूहून आलेल्या अल्पाकाच्या लोकरीच्या गाठी पडून होत्या. कुणी घेईना, कारण तंतू लांब, गुळगुळीत आणि यंत्रावर नीट चालत नव्हता. सॉल्टनं आधी नमुना घेतला, गुपचूप प्रयोग केले आणि मग सगळ्या गाठी उचलल्या. युक्ती अशी, की ताणा (उभे धागे) सुताचा आणि बाणा (आडवे धागे) अल्पाकाचा. सुताचा ताणा मागावरचा ताण सोसतो आणि अल्पाका वर चमकतो. कापड हलकं, रेशमासारखी झळाळी आणि किंमत रेशमापेक्षा खूप कमी. बायकांच्या झग्यांसाठी ते इतकं चाललं की व्हिक्टोरिया राणीनं विंडसरला पाळलेल्या आपल्या अल्पाकांची लोकर कापड विणायला त्याच्याकडं पाठवली.

नदीपलीकडच्या बागेत सॉल्टचा पुतळा आहे, १९०३ चा. चौथऱ्यावर एका बाजूला अल्पाका आणि दुसऱ्या बाजूला अंगोरा बोकड कोरलेत. ज्यांच्यामुळं पैसा झाला त्यांना जागा दिली, हे मला फार आवडतं.

गिरणगावकर

धोटासाहेब, माझे वडील लालबागला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते. ८२ च्या संपात घरी बसले ते कायमचेच. त्यामुळं 'दयाळू मालक' हे शब्द ऐकले की मला आधी काही प्रश्न पडतात. घर मालकाचं, नोकरी मालकाची, शाळा मालकाची, चर्च मालकाचं. माणसाचं स्वतःचं काय? नोकरी गेली की घरही जाणार ना?

आणखी एक. 'ओव्हरलुकर'ची, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमाची घरं मोठी होती का? आमच्याकडं जॉबर म्हणजे अर्धा मालकच असायचा.

धोटा

दादा, प्रश्न अगदी बरोबर आहेत आणि ते टाळून सॉल्टेअर सांगता येणारच नाही.

ओव्हरलुकर म्हणजे आपला जॉबरच. आणि हो, रांगेकडं नुसतं पाहिलं तरी कोण कुठं राहायचं ते कळतं. मधली बुटकी घरं साध्या कामगारांची, टोकाची उंच घरं जॉबरची. गावाच्या पश्चिम कडेला अल्बर्ट रोडवर पुढं बाग असलेली घरं, ती गिरणीच्या अधिकाऱ्यांची आणि शिक्षकांची. म्हणजे पगाराची उतरंड दगडात बांधून ठेवली होती. घर भाड्याचंच होतं आणि भाडं गिरणीच्याच मालकाला. नोकरीवर छप्पर अवलंबून, हे तुमचं म्हणणं खरं आहे.

पोरांबद्दलही सांगतो. शाळा सुंदर होती, पण पोरं 'हाफ-टायमर' होती. १८४४ च्या फॅक्टरी कायद्यानं आठ वर्षांचं मूल अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत, हे कायदेशीरच होतं. सॉल्टेअरही त्याला अपवाद नव्हतं. त्या शाळेच्या दारावरची नक्षी पाहताना मला ही गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही.

गावात दारूचा गुत्ता नको, हा नियम तर प्रसिद्धच आहे. रस्त्यात आडव्या दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले त्याला खपायचे नाहीत, म्हणून १८६३ मध्ये सार्वजनिक धुण्याचं घर आणि स्नानगृह बांधलं. धर्माच्या बाबतीत मात्र हात सैल होता. स्वतः ख्रिस्ती धर्मातल्या काँग्रिगेशनल पंथाचा, पण मेथडिस्ट या दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनाघरालाही गावात जागा दिली.

हे सगळं त्यानं का केलं, याबद्दल त्यानं स्वतः फारसं लिहून ठेवलेलं नाही. माणूस कमी बोलणारा. निरोगी कामगार कमी खाडे करतो, हा हिशेब असेलच, तो मालक होता. पण हिशेबानं कापड निघतं, ४५ म्हाताऱ्यांच्या घरांपुढं हिरवळ येत नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं एक सांगून दुसरं लपवणं हा त्या कामगारांवर अन्याय होईल.

गिरणगावकर

पटलं. हाफ-टायमरचं सांगितलंत हे बरं केलंत. गिरणी कधी बंद पडली?

मधली_सुट्टी

मी लीड्सला नर्स आहे. रात्रपाळी संपली की कधी कधी थेट सॉल्टेअरची गाडी पकडते. स्टेशनातून बाहेर आलं की समोर गिरणीच. लीड्सहून पंधरा-वीस मिनिटं लागतात, ब्रॅडफर्ड फॉर्स्टर स्क्वेअरहूनही गाडी आहे. आत जायला पैसे नाहीत. तळमजल्यावरच्या त्या लांबलचक दालनात शिरलं की लिलीच्या फुलांचा वास येतो, आणि चित्रं इतकी की थकवा जातो. माझ्या सासूबाई आल्या होत्या, त्यांना इंग्रजी येत नाही, तरी दोन तास हलल्या नाहीत.

पण एक स्थानिक माहिती धोटांनी द्यायला हवी. गाव जागतिक वारसा यादीत आहे, तर त्याच्या नियमांचा गावात राहणाऱ्यांना त्रास होतो का?

धोटा

आधी गिरणगावकरांचं उत्तर.

सॉल्ट गेल्यावर मुलांनी चालवलं, पण टायटस ज्युनियर १८८७ मध्ये अचानक वारला आणि १८९२ च्या सुमारास कंपनी कोसळली. मग व्यापाऱ्यांच्या गटानं घेतली, त्यातले जेम्स रॉबर्ट्स पुढं मालक झाले. नदीपलीकडची बाग त्यांनी १९२० मध्ये ब्रॅडफर्ड शहराला देऊन टाकली, म्हणून ती रॉबर्ट्स पार्क. १९३३ मध्ये घरं एका मालमत्ता कंपनीला विकली गेली आणि नंतर एकेक करत राहणाऱ्यांच्या नावावर झाली. माझ्या मते या गावाच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची घटना हीच आहे, पण तिच्यावर कुठं पाटी नाही. सॉल्टनं दिलेलं घर त्या दिवसांपासून राहणाऱ्याचं झालं.

दुसऱ्या महायुद्धानंतर गिरण्यांना माणसं कमी पडू लागली. ब्रॅडफर्ड परिसरात पन्नास-साठच्या दशकांत पाकिस्तानातून, त्यातही मीरपूरहून, शिवाय पंजाब-गुजरातेतून माणसं आली. मीरपूरजवळच्या मंगला धरणात गावं बुडालेले लोक त्यात पुष्कळ. रात्रपाळ्या बहुतेक त्यांच्याच वाट्याला यायच्या. या भागातल्या लोकरीच्या कापडाचा शेवटचा काळ त्यांच्या हातांनी तोलला, हे या प्रदेशाबद्दल लिहिताना वगळलं जातं, म्हणून मुद्दाम लिहितो.

१९८६ च्या फेब्रुवारीत भोंगा थांबला. एवढी प्रचंड इमारत, आणि ती कुणाला नको होती. १९८७ मध्ये जोनाथन सिल्व्हर या ब्रॅडफर्डच्याच माणसानं ती विकत घेतली. शाळेत असताना त्यानं चित्रकार डेव्हिड हॉकनीला शाळेच्या नियतकालिकासाठी मुखपृष्ठ मागितलं होतं. हॉकनी जन्मानं ब्रॅडफर्डचा, त्याच शाळेचा जुना विद्यार्थी. ती ओळख टिकली आणि गिरणीच्या खात्यात '१८५३ गॅलरी' उघडली, हॉकनीच्या चित्रांची. बाकीच्या मजल्यांवर पुस्तकं, खाणावळ, कचेऱ्या आल्या. टीव्हीचे सेट-टॉप बॉक्स करणारी पेस कंपनी इथंच वाढली. सिल्व्हर १९९७ मध्ये गेला, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. गाव २००१ च्या डिसेंबरमध्ये जागतिक वारसा यादीत आलं, ते त्याला बघायला मिळालं नाही.

मधली_सुट्टी ताई, नियमांचा त्रास होतो. खिडकी बदलायची तर परवानगी, दार बदलायचं तर परवानगी, आणि खिडक्या लाकडीच. थंडीत घर तापवायचा खर्च जास्त. गाड्या लावायला जागा नाही, कारण १८६० च्या रस्त्याला गाडी ठाऊकच नव्हती. शनिवारी पर्यटकांच्या गाड्यांनी रहिवाशांना आपल्याच दारापर्यंत जाता येत नाही. मागच्या अरुंद बोळांत कचऱ्याचे मोठे डबे कसे ठेवायचे, यावर इथं जेवढं बोलणं होतं तेवढं सॉल्टवर होत नाही. पण मला तेच बरं वाटतं. डब्यावरून भांडणारी माणसं आहेत, म्हणजे गाव राहतं आहे.

लेगकटर

धाग्यात क्रिकेट नाही म्हणून आलो. सॉल्टेअर म्हणजे जिम लेकरचं सॉल्टेअर ना?

धोटा

तेच! रॉबर्ट्स पार्कातल्या मैदानावर सॉल्टेअर क्रिकेट क्लब खेळतो, ब्रॅडफर्ड लीगमध्ये. जिम लेकर शिपलीजवळचाच, पोरसवदा असताना तो या क्लबात आला, तेव्हा फलंदाज आणि वेगवान गोलंदाज म्हणून. ऑफस्पिन नंतरची. १९५६ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३७ धावांत ९ आणि ५३ धावांत १०, एकाच कसोटीत १९ बळी. अनिल कुंबळेनं १९९९ मध्ये दिल्लीत दहा घेईपर्यंत कसोटीच्या एका डावात दहा बळी घेणारा तो एकटाच होता.

आणि त्याच्याही आधी सिडनी बार्न्स. २७ कसोटींत १८९ बळी घेतलेला माणूस १९१५ पासून काही वर्षं या गावाच्या क्लबासाठी खेळला.

लेगकटर

बार्न्स! गावाच्या क्लबात! आता यावंच लागेल. मैदान कसं आहे?

धोटा

एका कडेला नदी आणि तिच्यापलीकडं गिरणी. गिरणीची चिमणी आणि १८६८ च्या नव्या गिरणीची इटालियन मनोऱ्यासारखी चिमणी, दोन्ही दिसतात. ही दुसरी व्हेनिसच्या एका चर्चच्या मनोऱ्यावरून घडवली आहे. रविवारी हिरवळीवर फुकट बसता येतं. बागेच्या मागं चढावर १८९५ पासूनची दोरीवर ओढली जाणारी छोटी ट्रामगाडी आहे, शिपली ग्लेनला जाणारी. गिरणीतल्या बायापोरांची सुट्टीतली मौज तीच असायची.

रानजाई

बायांबद्दल अजून लिहा ना. गिरणीत बायका किती होत्या?

धोटा

वर्स्टेडच्या गिरण्यांत मागावर बहुतेक बायकाच असायच्या, कताईलाही बायका आणि मुलं. जॉबर पुरुष. म्हणजे आमच्या गल्लीतलंच चित्र. आमच्याकडं माग पुरुष चालवायचे, पण कांड्या (बाण्याचं सूत गुंडाळलेल्या नळ्या) भरायला आई आणि शेजारच्या काकू. कांड्या वेळेवर भरल्या नाहीत तर माग उभा राहतो, पण मजुरीच्या वहीत त्यांचं नाव खाली. सॉल्टेअरच्या कुठल्याही रस्त्याला गिरणीतल्या एकाही कामकरी बाईचं नाव नाही. बायका आहेत त्या मालकाच्या घरच्या. हे मी पहिल्या लेखात घालायला हवं होतं.

चकवाचांदणं

गुत्त्याला बंदी अजून आहे का हो? नवरा विचारतोय.

धोटा

नाही ताई. व्हिक्टोरिया रोडवर काही वर्षांपूर्वी एक बार निघाला, त्याचं नावच 'टायटसला सांगू नका' अशा अर्थाचं. गावाला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

गिरणगावकर

शेवटचा प्रश्न. तुमच्या वडिलांनी हे गाव पाहिलं का?

धोटा

पाहिलं. गेल्या मेमध्ये आई-वडील दोघंही आले होते.

गिरणीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, पूर्वी जिथं कताईची यंत्रं होती, तिथं अख्खी लांबी मोकळी आहे. लोखंडी खांबांची रांग दूरवर जाते. आई चित्रं पाहत होती. वडील चित्रांकडं पाठ करून फरशीकडं पाहत होते. दगडी फरशीला जागोजागी काळे तेलकट डाग आहेत, दीडशे वर्षं मुरलेले. ते खाली वाकले, डागावर बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "इथं यंत्र होतं. तिथं दुसरं. मधली वाट फार अरुंद, कामगाराला अंग चोरून चालावं लागत असणार."

ऐकू कमी येतं म्हणून ते मोठ्यानं बोलतात. सगळं दालन वळून पाहायला लागलं. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या इंग्रज बाईनं मला विचारलं, ते काय म्हणाले. मी सांगितलं. ती म्हणाली, तिची आई याच मजल्यावर कामाला होती. मग ती आणि वडील, एकमेकांची भाषा येत नसताना, खांबांमधलं अंतर पावलांनी मोजत टोकापर्यंत गेले.

मधली_सुट्टी

सासूबाईंना घेऊन डिसेंबरात मी परत जाणार आहे. तेव्हा गावात काही असतं का?

धोटा

डिसेंबरातच या. पहिल्या तारखेपासून रोज संध्याकाळी एका घराची खिडकी सजवून उजळतात, दुसऱ्या दिवशी आणखी एक, अशा रोज वाढत नाताळपर्यंत गावभर खिडक्या लागतात. लोक आपापल्या घरातच ते करतात. अंधार चारलाच पडतो, तेव्हा साडेचारला स्टेशनवर उतरा. उतारावर दगड निसरडे असतात, सासूबाईंना चांगल्या तळव्याचे बूट घाला. मला आदल्या दिवशी कळवा, मी खाली चर्चपाशी उभा असेन.